हूटर वाजला, आई उठली नाही

प्रति,
मा. आयुक्त, वडोदरा महानगरपालिका
आणि अग्निशमन दलातील अधिकारी मंडळी

सा. न. वि. वि.

मी साउंडवाला. जन्म दांडिया बाजारातल्या वाड्यात, आता मांजलपूरला सात मजली बिल्डिंगमध्ये पाचव्यावर राहतो. तेहतीस वर्षं माइक, अॅम्प्लिफायर आणि स्पीकरवर घर चाललंय. गणपतीतली व्याख्यानं, हौशी नाटकं, लग्नातलं संगीत, नवरात्रातला गरबा, सगळं केलं. दांडिया बाजारातल्या तुमच्या केंद्रावरून बंब सुटला की आम्ही पोरं खेळ टाकून रस्त्याच्या कडेला उभे राहायचो, तेव्हापासूनची तुमच्या खात्याशी ओळख. म्हणून भांडायला लिहीत नाही. माझ्या धंद्यामुळे मला कानानं जे कळतं, ते तुमच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये कुठं बसत नाही, ते सांगायला लिहितोय.

उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत फायर एनओसीची, म्हणजे अग्निशमनच्या ना-हरकत दाखल्याची, तयारी चालली होती. देखभालीचं काम घेतलेल्या एजन्सीचा एक मुलगा आला. कामसू होता. सिलिंडरच्या तारखा बघितल्या, होज रील ओढून बघितलं, तळमजल्यावरच्या फायर अलार्मच्या पॅनेलचं बटण दाबलं. हूटर किंचाळला. सेक्रेटरी म्हणाले, "वाजतोय ना? झालं तर मग." मुलानं कागदावर बरोबरची खूण केली. मी त्याला म्हटलं, "बेटा, पाच मिनिटं चालूच ठेव, मी वर जाऊन येतो."

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. जेवण झालं की मागच्या खोलीत एसी लावून तासभर आडवी होते. कानातलं मशीन काढून उशाशी डबीत ठेवते. मी बाहेरचं दार लावलं, खोलीचं दार लावलं आणि धंद्यातला डेसिबल मीटर तिच्या उशीजवळ धरला. ४१. खाली फोन केला, "बंद कर." हूटर थांबला. पुन्हा बघितलं. ४१.

म्हणजे मीटर नुसता एसी मोजत होता. आईच्या खोलीपुरता तो हूटर वाजलाच नव्हता. कागदावर मात्र खूण झाली होती, आणि ती खोटीही नव्हती. वाजत तर होताच!

हिशेब अवघड नाही. हूटर एक मीटरवर ९० डेसिबल देतो असं धरा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्यात ६ डेसिबल जातात, म्हणजे आठ मीटरवर ७२ उरले. जिन्यात आवाज घुमतो, त्यामुळे थोडे जास्त धरा. मग फ्लॅटचं बंद दार वीस-पंचवीस खातं, आतल्या खोलीचं दार आणखी पंधरा-वीस. उशीपर्यंत पोचतात तीसेक. पंखा नाहीतर एसी त्याहून मोठ्यानं बोलतो. झोपलेल्या माणसाला उठवायचं तर दारं बंद असताना उशीपाशी ७५ डेसिबल हवेत, असं फायर अलार्मचं मानक सांगतं. आमच्याकडे ७५ सोडा, निम्मेही नव्हते असंच म्हणायला हवं. डेसिबल असे साध्या भागाकारानं निम्मे होत नाहीत हे मला ठाऊक आहे, पण मुद्दा कळला असेल.

आणखी एक गोष्ट. बाजारातले बहुतेक हूटर तीन हजार हर्ट्झच्या आसपास किंचाळतात. वय वाढलं की माणसाचा नेमका तोच वरचा पट्टा आधी जातो. आईला माझा आवाज ऐकू येतो, नातीचा येत नाही, त्याचं कारण हेच. अमेरिकेत २०१४ पासून हॉटेलांसारख्या ठिकाणी झोपायच्या खोल्यांत ५२० हर्ट्झचा खर्जातला अलार्म लागतो, कारण म्हातारी माणसं आणि गाढ झोपलेली मुलं त्यानं जास्त उठतात असं प्रयोगांत दिसलं. आपल्याकडे यातलं काही मागायचं तर आधी कुणीतरी दार लावून आत मोजायला हवं.

आता हॉलची गोष्ट सांगतो. कुठला ते सांगणार नाही, आणि तसाच दुसरा कुठं नसेल असंही नाही. पहिल्या मजल्यावरचा बँक्वेट हॉल, मागच्या बाजूला लागून घरं. रात्री दहानंतर डीजे चालतो म्हणून शेजारी भांडायला यायचे. त्यांचं बरोबर होतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मालकानं मला बोलावलं, म्हणाला, "काका, साउंडप्रूफ करून द्या." मी बघून सांगितलं: आतून दुसरी भिंत घ्यावी लागेल, दुहेरी जिप्सम बोर्ड, मध्ये पोकळी, पोकळीत रॉकवूल, दोन दारांचं मधलं दालन. खर्च ऐकून त्यानं चहा पाजला आणि मला निरोप दिला.

तीन महिन्यांनी एका लग्नाच्या संगीतासाठी त्याच हॉलमध्ये साउंड लावायला गेलो. चारी भिंतींवर काळा फोम. तो टोकाटोकांचा, यूट्यूबवाल्यांच्या खोलीत दिसतो ना, तसा. डिंकानं चिकटवलेला. आणि मागच्या भिंतीतल्या तीन खिडक्या गायब. आतून प्लाय ठोकून त्यावरही फोम. मालक खुशीत होता. "बघा, चौथ्या हिश्श्यात झालं."

ज्यांनी हे काम केलं त्यांना आवाज अडवणं आणि आवाज शोषणं यातला फरक माहीत नसावा. फोम आवाज अडवत नाही, तो खोलीतला घुमारा कमी करतो. हॉलमध्ये गाणं जरा स्वच्छ ऐकू येईल, शेजाऱ्याला मात्र तेवढंच ऐकू जाईल. आवाज अडवायला वजन लागतं, वीट, काँक्रीट, जाड बोर्ड. बोटभर स्पंजाला वजन कुठलं? आणि ढोलाचा खर्ज तर हवेतून जातच नाही म्हणा ना, तो पिलर आणि स्लॅब धरून सरळ शेजारच्या पलंगाखाली निघतो. शेजारी आजही भांडतातच. अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

त्या रात्री सामान आवरताना पडद्यामागे पडलेला फोमचा एक तुकडा मी खिशात घातला. दुसऱ्या दिवशी अगाशीवर, भोवती काही जळण्यासारखं नाही ना बघून, बादलीभर पाणी शेजारी ठेवून, जुन्या स्टीलच्या थाळीत तो तुकडा उभा केला आणि काडी लावली. कापूर पेटतो तसा पेटला. मग वितळायला लागला, आणि थाळीत पडणारा प्रत्येक थेंब पडतानाही जळत होता. काळा धूर, घशाला धरणारा. पाणी ओतेपर्यंत थाळीत डिंकासारखा डाग राहिला होता. तो अजून निघालेला नाही. थाळी माझ्याकडे आहे, हवी तर आणून दाखवतो. घरी कुणी हा उद्योग करू नये, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २००३ च्या फेब्रुवारीत एका नाइटक्लबात स्टेजवरच्या फुलबाज्यांनी भिंतीवरचा असाच फोम पेटला आणि १०० माणसं मेली. शेजाऱ्यांच्या आवाजाच्या तक्रारी आल्या म्हणूनच तिथं फोम लावला होता. ब्राझीलमध्ये सांता मारियाला २०१३ च्या जानेवारीत तेच, २४२ मेली, बहुतेक धुरानं. बुखारेस्टला २०१५ मध्ये पुन्हा तेच. तीन देश, तीन भाषा, पण फोम तोच आणि स्टेजवरची आतषबाजी तीच. आपल्याकडे नवरानवरीच्या प्रवेशाला दोन्ही बाजूंनी कोल्ड पायरो, म्हणजे ठिणग्यांचे फवारे, लावतात, नावात 'कोल्ड' आहे एवढ्यावर सगळे निर्धास्त.

आणि इतक्या लांब जायचं कारण काय? राजकोटला २५ मे २०२४ रोजी गेम झोनमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या खाली ठेवलेल्या फोमच्या शीटांवर पडल्या. २७ जीव गेले. सुरतला २४ मे २०१९ रोजी तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावरच्या क्लासला जाणारा लाकडी जिनाच जळाला. २२ गेले, बहुतेक शिकायला आलेली मुलं. त्या मुलांनी वरून उड्या टाकल्याचं चित्र आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय, पुन्हा सांगत नाही.

माझं म्हणणं इथं आहे. आवाजाची तक्रार एका टेबलावर जाते, आगीची तपासणी दुसऱ्या. आवाजवाला म्हणतो, बंदोबस्त करा. मालक बंदोबस्त करतो, म्हणजे खिडक्या बुजवतो आणि भिंतीला स्पंज लावतो. आवाजाची फाइल बंद होते. आगीच्या फाइलमध्ये हॉलचा जुना नकाशा असतो, त्यात खिडक्या उघड्याच असतात. आवाज कमी करायला जे केलं त्यानं हॉलची काडेपेटी झाली, हे कुठल्याच टेबलाला दिसत नाही. इमारत उभी राहताना जे पास झालं ते दहा वर्षांनी आतून केव्हाच बदललेलं असतं. तपासायला हवं ते हे नंतरचं.

उलटंही होतं, आणि ते जास्त मजेशीर आहे. ज्या फटीतून आवाज येतो त्याच फटीतून धूर येतो. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्यावरच्या बाईंच्या कुकरच्या शिट्ट्या मला पाचव्यावर न्हाणीघरात ऐकू येतात. तीन झाल्या की मी म्हणतो, वरण झालं. ती शिटी येते पाइपांच्या डक्टमधून. एकदा त्या डक्टच्या झडपेपाशी मी उदबत्ती धरली. धूर सरळ वर जायचा सोडून आडवा वळला आणि झडपेच्या फटीत शिरला, कुणी आतून ओढून घ्यावं तसा. हिवाळ्यात ओढ आणखी वाढते, गरम हवा वर चढते म्हणून. डक्ट म्हणजे चुलीचं धुराडंच. खाली मीटरच्या खोलीत काही पेटलं तर तो धूर आमच्या न्हाणीघरात जिन्याच्याही आधी पोचेल.

मग नाद लागला. इलेक्ट्रिकचा शाफ्ट उघडून बघितला. केबल आणि इंटरनेटवाल्यांनी दर वर्षी एक भोक पाडलंय, बुजवायचं नाव नाही. पहिल्यावरच्या टीव्हीवरचे संवाद चौथ्यावर शाफ्टला कान लावला की ऐकू येतात. अशा मालिकांचे दोन भाग मी फुकट ऐकले, ते जाऊ द्या. हीच भोकं आगीत न जळणाऱ्या मसाल्यानं बुजवली तर आवाजही थांबेल आणि धूरही. शेजाऱ्याची कटकट थांबते म्हणून लोक पैसे काढतील. नुसत्या आगीच्या भीतीनं काढत नाहीत, हा सेक्रेटरींचा अनुभव. जिन्याच्या दाराचंही तसंच. फायर डोअरच्या कडेची पट्टी शाबूत असली की दार लावल्यावर पलीकडचं बोलणं पुटपुटल्यासारखं येतं. स्पष्ट शब्द ऐकू आले तर पट्टी गेली समजा. याला मीटर नको, नुसता कान पुरे. आमच्याकडे मात्र ती दारं विटांची टेकणं लावून कायम उघडी असतात, दूधवाल्याला सोपं जावं म्हणून.

चार दरवाजांच्या आतल्या बडोद्याबद्दल थोडंच लिहितो, कारण तिथलं दुखणं वेगळं आहे आणि माझा धंदा तिथं पुरत नाही. वाड्यांच्या भिंती हातभर जाड, पण मजले फळ्यांचे. वर कुणी चाललं की खाली धूळ पडायची आणि आजी म्हणायची, हळू. जिथून पावलं ऐकू येतात तिथून धूरही येईल. अशा घरात आता खाली दुकानाचा माल, मधे क्लास, वर राहतं कुटुंब. खडकीत, म्हणजे आमच्या अरुंद बोळात, बंब शिरणार नाही. हूटर, पॅनेल, पंप यातलं तिथं काही बसवा म्हणणं म्हणजे थट्टा. पण हातानं फिरवायचा एक भोंगा खडकीच्या तोंडाशी टांगला तर? वीज लागत नाही, आवाज लांब जातो, कुणालाही फिरवता येतो. पोरं उगाच फिरवतील हे मान्य. पहिले दोन महिने फिरवतील, मग कंटाळतील.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे, कारण ती माझ्या हातातली आहे. गरब्यात आणि संगीतात आमचे स्पीकर शंभर डेसिबलच्या वर जातात. त्यात हूटर वाजला तरी बायका टाळ्यांचा ताल सोडणार नाहीत, ऐकूच येणार नाही. फायर पॅनेलपासून अॅम्प्लिफायरपर्यंत एक वायर आणि एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, बसवला की अलार्म लागताक्षणी गाणं आपोआप बंद होतं. रिले काही शे रुपयांना मिळतो. गाणं अचानक थांबलं की हॉलमधला प्रत्येक माणूस मान वर करतो, हा माझा तेहतीस वर्षांचा अनुभव आहे, लाइट गेल्यावर बघितलाय. मग माइकवरून कुणीतरी शांतपणे सांगायचं, गुजरातीत, हिंदीत, मराठी लग्न असेल तर मराठीत, की डाव्या दारानं बाहेर चला. घंटा वाजली की माणसं एकमेकांकडे बघतात. नाव घेऊन, दार दाखवून सांगितलं की हलतात. दिल्लीत १३ जून १९९७ रोजी उपहार सिनेमागृहात ५९ माणसं धुरानं गेली. आत बसलेल्यांना माइकवरून वेळेवर कुणी सावध केलं नव्हतं. सिनेमा ऐकवायला स्पीकर होते की!

तेव्हा मागणं असं. इमारत नवी असो की जुनी, तपासणीला याल तेव्हा हूटर वाजवून सर्वांत आतल्या खोलीत, दार लावून, उशीपाशी आकडा घ्या आणि तोच आकडा फॉर्मवर लिहा, नुसती खूण नको. हॉल, क्लास, जिम, स्टुडिओ, जिथं भिंतीला मऊ काही चिकटवलेलं दिसेल तिथं ते काय आहे याचा कागद मागा. कागद नसेल तर ते उतरवून मग शिक्का द्या. आवाजाच्या तक्रारीवरून कुणाला बंदोबस्त करायला सांगितलं गेलं, तर ते काम अग्निशमनच्या माणसानं पाहिल्याशिवाय पुरं धरू नका. २०१३ चा आपला गुजरातचा अग्निसुरक्षेचा कायदा तुमच्या हातात आहेच, मालकाला नोटीस देता येते. शेजारी महाराष्ट्रात २००६ च्या कायद्यानं मालकांना दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. पुण्याचा माझा मावसभाऊ त्यावर कुरकुरत असतो, पण वर्षातून दोनदा त्याच्या बिल्डिंगचा पंप सुरू होतो एवढं खरं. रिलेचं म्हणाल तर गणपतीच्या आधी बडोद्यातल्या आम्हा साउंडवाल्यांना एकदा एकत्र बोलवा. वायर कुठं जोडायची ते आम्ही एकमेकांना शिकवू, तुमचा एक पैसा खर्च होणार नाही.

आईच्या खोलीत मी आता छोटा हॉर्न बसवलाय, खर्जाच्या आवाजाचा, पॅनेलला जोडून. पहिल्यांदा वाजवला तेव्हा उठून बसली आणि म्हणाली, "कोण मेलंय?" मीटरवर ७८ आले. पण तेव्हा ती अर्धवट जागी होती, म्हणून ती चाचणी मी धरत नाही. येत्या महिन्यात एखाद्या रविवारी दुपारी अडीचला, तिची झोप लागल्यावर, पुन्हा वाजवणार आहे. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर आदल्या दिवशी कळवा. मीटर माझा, चहा सेक्रेटरींकडे. फक्त येताना बेल वाजवू नका.

आपला,
मांजलपूरचा एक साउंडवाला